गाव उन्हाळ्यात असते

निवंगुणेअण्णा दर उन्हाळ्यात ज्या गावाला जात, ते गाव सरकारी दप्तरात नव्हतं.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. मी भोरच्या कचेरीत नवाकोरा कारकून होतो आणि अण्णा बारनिशीला, म्हणजे आल्या-गेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारून त्याची नोंद करायच्या टेबलावर. सरकारी नोकराला जोडून सुट्टी आली तरी मुख्यालय सोडायला परवानगी लागे. अण्णा मे महिना आला की अर्ज देत, 'मौजे साळघर येथे सायकलीने जाणे आहे, तरी परवानगी मिळावी.' त्यावर शिरस्तेदार लाल पेन्सिलीने लिहीत, 'सदर गाव धरणात गेले असून अस्तित्वात नाही. खुलासा करावा.' अण्णा त्याखाली खुलासा करत, 'गाव उन्हाळ्यात असते.' मग परवानगी मिळे. शिरस्तेदारांना हा खुलासा पटायचा की त्यांना अण्णांची भीती वाटायची, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

खुलाशात तसं खोटं काही नव्हतं. वेल्ह्याच्या पलीकडच्या खोऱ्यात धरण झालं आणि साळघर पाण्याखाली गेलं. लोक कुठे कुठे पांगले, अण्णा भोरला आले. पण वैशाखात धरणाचं पाणी ओसरलं की मागच्या टोकाला गावाची जमीन महिनाभर उघडी पडायची. तेवढा महिना साळघर होतं, बाकीचे अकरा महिने नव्हतं, असा अण्णांचा साधा हिशेब.

पन्नाशीचा काटकुळा माणूस. डोक्यावर पांढरी टोपी, विजारीच्या उजव्या पायाला सुतळी बांधलेली, आणि खाली एक काळी, दुहेरी नळीची, चोवीस इंची सायकल. आमच्या कचेरीत सायकली सगळ्यांकडे होत्या, पण त्या डांबरी सडकेवर चालायच्या. अण्णांच्या सायकलला डांबराचं वावडं होतं. शेताचा बांध, गाडीवाट, शेरडांची पायवाट, डोंगराची सोंड, काहीही पुढ्यात आलं की अण्णा म्हणत, "रस्ता हाय की." आमचे एक सहकारी सारोळ्याच्या लग्नाला जवळची वाट म्हणून त्यांच्या मागोमाग गेले. ते नीरा नदीच्या पात्रातून, सायकल डोक्यावर घेऊन, अक्षता पडून गेल्यावर मांडवात पोचले. अण्णा तोवर जेवून उठले होते.

अवघड उतारावर अण्णांचं एक तंत्र होतं. करवंदीची नाहीतर बाभळीची भलीमोठी फांदी तोडायची आणि मागच्या कॅरिअरला दोरीनं बांधायची. सायकल उताराला लागली की फांदी मागे जमीन धरत फरफटत यायची आणि वेग आपोआप आटोक्यात राहायचा. ब्रेकवर त्यांचा विश्वास नव्हता. ब्रेक सडकेसाठी असतात म्हणे.

मी या माणसाच्या तावडीत सापडलो तो माझ्या जिभेमुळे. मी पुण्याचा. पुणं म्हणजे सायकलींचं शहर, आणि मी म्हणजे त्या शहराचा मुकुटमणी, अशा थाटात मी कचेरीत बोलत असे. पर्वतीला मी सायकलनं रोज जात असे, हे मी सांगितलं होतं. पायऱ्यांपाशी सायकल लावून जात असे, हे सांगायचं राहिलं होतं. त्या हिवाळ्यात अण्णांचं मनगट मोडलं आणि वाकडंच सांधलं गेलं. खिंडीत सायकल खांद्यावर घेणं त्यांना एकट्याला जमेना. एप्रिलच्या अखेरीस ते माझ्या टेबलापाशी आले.

"रावसाहेब," ते म्हणाले, "एक मे शनिवारी आलाय. रैवार जोडून हाय. येता का आमच्या गावाला? औंदा गेलंच पायजे."

गेलंच पाहिजे, याला कारण होतं. पुढच्या वर्षापासून धरणात पाणी जास्त राखणार, मागचं टोकही उन्हाळ्यात उघडं पडणार नाही, असा एक कागद मार्चमध्ये कचेरीत आला होता. आवकेचा शिक्का त्यावर अण्णांनीच मारला होता. मला सहकाऱ्यांनी बाजूला घेऊन सांगितलं की जाऊ नकोस. का, ते कुणी नीट सांगेना. एकजण एवढंच म्हणाला की तिथे अण्णा एकटे नसतात. पुण्याचा माणूस असल्या गोष्टींना भीत नाही, असं मी म्हणालो आणि बाजारातून एक सायकल दोन दिवसांच्या भाड्यानं घेतली.

शनिवारी झेंडावंदन आटोपून आम्ही निघालो. नसरापूरपर्यंत सडक होती म्हणून अण्णा सारखे कडेच्या शेतांकडे बघत होते. पुढे सडक सोडली आणि त्यांचा चेहरा खुलला. राजगड डाव्या हाताला ठेवून आम्ही ओढ्यांतून, नांगरटीतून, दगडगोट्यांतून वेल्ह्याकडे सरकत होतो. सरकत होतो म्हणजे अण्णा सायकल चालवत होते आणि मी बव्हंशी ढकलत होतो. माझ्या सीटच्या स्प्रिंगांशी माझी फार जवळची ओळख झाली. दुपारी एका विहिरीवर मी जाहीर केलं की मी आता मरतो. अण्णांनी गूळ-शेंगदाणे पुढे केले आणि म्हणाले की आधी खा, मग बघू.

वेल्ह्यात उतरलो ते किसनरावांकडे. किसनराव म्हणजे अण्णांचे मेहुणे, बायकोचे धाकटे भाऊ. त्यांचं गावात लहानसं हाटेल होतं. दिवस मावळायचा होता. अण्णा सायकल धुवायला ओढ्यावर गेले, किसनरावांनी मला चहा दिला आणि समोर येऊन बसले. अण्णांनी मला काय काय सांगितलंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, गाव बघायला चाललोय. त्यावर त्यांनी मान हलवली आणि जे सांगितलं ते असं.

त्यांची बहीण सगुणा साळघरला दिली होती. माहेर नुसतं खिंडीच्या अलीकडे, पण बाईमाणसानं एकटीनं खिंड ओलांडायची नाही, सोबत मिळाली तरच यायचं. सोबत वर्षातून एकदा मिळायची. अण्णांनी सायकल घेतली, गावातली पहिलीच, आणि ही बाई नवऱ्याला म्हणाली की मला शिकवा, मग मी कुणासाठी खोळंबणार नाही. नऊवारीचा कासोटा असल्यावर सायकलवर बसायला काय अडचण? गावाबाहेर खळं होतं, कडब्याच्या गंज्यांच्या आडोशाला. तिथे पहाटेचं, कुणी उठायच्या आत, ती सायकलवर आणि अण्णा सीट धरून मागे पळताहेत, असं महिना-दीड महिना चाललं. तिचा तोल पक्का झाला. ती म्हणायची, सोडा आता. अण्णा म्हणायचे, सोडतो, आणि सोडायचे नाहीत. पडेल म्हणून जीव धजायचा नाही. असं करता करता पाऊस लागला, खळं चिखलात गेलं. श्रावणात तिला ताप भरला. चौथ्या दिवशी ती गेली. तिच्यामागे दोन वर्षांत गावच उठलं.

"दर साली जात्यात," किसनराव म्हणाले. "त्याच जागंवर. रिकामी सायकल धरून पळत्यात. म्या एकदा मागनं जाऊन बघितलंय. दुसऱ्यांदा न्हाई गेलो. आजून बी सोडत न्हाईत हो. औंदा तरी सोडाया पायजे. फुडल्या साली कुठं सोडनार?"

मी चहाचा कप खाली ठेवला. ओढ्याकडून अण्णा येताना दिसले. सायकल नवी असावी तशी चमकत होती. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

सकाळी उजाडता उजाडता खिंड चढलो. जिथे वाट संपे तिथे मी दोन्ही सायकली आळीपाळीनं खांद्यावर घेतल्या. अण्णा पुढून "रस्ता हाय की" म्हणत धीर देत होते. माथ्यावरून पलीकडचं खोरं दिसलं. खाली तळाला पाण्याची एक शिसवी पट्टी, आणि अलीकडे मैलभर नुसता करडा, उघडा, भेगाळलेला चिखल. झाडांचे वाळून पांढरे पडलेले बुंधे. हिरवं काही नाही. आम्ही फांद्या बांधून उतरलो. फांद्यांचा खरखराट थांबल्यावर माझ्या लक्षात आलं की तिथे दुसरा कुठलाच आवाज नाही. पाखरूसुद्धा नाही.

एका पडलेल्या दगडापाशी अण्णांनी फांदी सोडली, बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं, टोपी नीट केली. ही शीव. मग सायकलवर बसून ते निघाले आणि मला पहिला धक्का बसला. समोर सपाट मैदान होतं, पण अण्णा सरळ जात नव्हते. दहा हात पुढे, उजवीकडे काटकोनात वळण, लगेच डावीकडे. एका जागी घंटी वाजवून थांबले, जणू आडव्या बोळातून कुणी यायचं होतं. ते गेल्यावर पुढे. एका ठिकाणी खाली वाकले, तिथे कुणाच्या तरी पडवीची वळचण होती म्हणून. त्या मोकळ्या चिखलात तो माणूस गल्लीबोळांतून सायकल चालवत होता, आणि इतक्या सवयीनं, की मला त्या भिंती दिसत नव्हत्या हा माझाच दोष वाटू लागला.

"हितं उतरा," ते हळू म्हणाले. "पार हाय. म्हातारी बसल्याती."

आम्ही उतरलो. चिखलातून दगडांचा एक अर्धा गोल वर आलेला होता. अण्णांनी एकेका रिकाम्या जागेकडे बघून रामराम घातला, आणि प्रत्येक रामरामानंतर थांबले, उत्तर येईपर्यंत. तिसऱ्याला म्हणाले, "व्हय, बरा हाय. हात तेवढा मोडला." चौथ्याला नुसती मान हलवली. पाचव्या जागेपाशी मात्र तोंड फिरवून पुढे चालू लागले. मी विचारलं, तर म्हणाले की त्यांच्याशी आमचं बोलणं नाही, बांधावरून वाद आहे. मी घाईघाईनं त्या पाचव्या जागेला नमस्कार केला. त्यांचा माझ्याशी काही वाद नव्हता, आणि तो व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नव्हती.

पुढे अण्णांनी एक लांबलचक वळसा घेतला. मी थकलो होतो, ऊन चढलं होतं, आणि आतून थोडी भीती असली की माणूस उगाच शहाणपणा करतो, तसं मी केलं. वळसा न घेता सरळ निघालो. पंचवीस-तीस हात गेलो असेन. मागचं चाक एकदम बसलं.

अण्णा तिथूनच ओरडले, "आवो, भागाआत्याच्या सैपाकघरातनं चाललाय तुमी. सायकल घिऊन."

मी उतरलो. पायाखाली चुलीचे तीन दगड होते, गाळानं माखलेले. अण्णांनी चाक खोललं, ट्यूब काढली, हवा भरून पाण्याच्या डबक्यात फिरवली. एक बुडबुडा नाही. काटा नाही, भोक नाही, व्हॉल्व धड. परत चढवून हवा भरली, फुस्सकन गेली. पुन्हा भरली, पुन्हा गेली. अण्णांनी पंप खाली ठेवला आणि मला सांगितलं की माफी मागा. मी म्हणालो, कुणाची? त्यांनी बोटानं चुलीचे दगड दाखवले. मग मी, इंटर पास, राज्य शासनाचा कर्मचारी, भर उन्हात तीन दगडांपुढे उभा राहून मोठ्यानं म्हणालो की आत्या, चुकलं, पुन्हा असं होणार नाही. अण्णांनी हवा भरली. राहिली. भोरला सायकल परत करेपर्यंत राहिली.

"ती म्हनती च्या घिऊन जा," अण्णा चाक घट्ट करता करता म्हणाले. "म्हनलं, गडबड हाय."

त्यानंतर मी अण्णांच्या चाकाच्या खुणेवरून माझं चाक तसूभर हलू दिलं नाही. ते जिथे वाकले तिथे मी वाकलो. एकदा त्यांनी न वाजवताच मी घंटी वाजवली. त्यांनी मागे बघून मान डोलावली, म्हणजे तिथे खरंच कोपरा होता.

खळं गावाच्या टोकाला, जरा उंचावर होतं. गाळ तिथे साचला नव्हता. जमीन कडक, गोल, मळणीचे बैल जिच्याभोवती फिरत त्या मधल्या मेढीचं भोक अजून शाबूत. खळ्याच्या कडेपासून लांब, सौम्य उतार ओढ्याकडे गेला होता, आणि ओढ्यापलीकडून जुना रस्ता खिंडीकडे, म्हणजे वेल्ह्याकडे, चढत होता. अण्णांनी मला कडेला उभं राहायला सांगितलं. पिशवीतून पाना काढला आणि सीट ढिली करून चांगली चार बोटं खाली घेतली. सीट टोपीनं पुसली. चाकं दाबून पाहिली. मला त्यांच्याकडे बघवेना. आजवर मी त्यांची नक्कल करून कचेरी हसवली होती, त्याची लाज वाटली.

मग ते पळू लागले. डावा हात सीटच्या मागे, वाकडं मनगट पोटाशी धरलेलं. सायकल खळ्यावर गोल फिरत होती. हँडलला कुणाचा हात नव्हता, आणि तरी ती बरोबर गोलात वळत होती. अण्णा खाली मान घालून बोलत होते. "फुडं बघ. चाकाकडं बगू नगं. फुडं." एक फेरी, दोन, तीन. धाप लागली होती, टोपी पडली. पाचव्या फेरीला ते उताराच्या तोंडाशी आले आणि मला वाटलं, आता. नाही सोडली. परत वळवली. मला ओरडून सांगावंसं वाटलं की सोडा हो अण्णा, पण आमच्या दोघांत बोलायचा मला हक्क होता, तिघांत नव्हता.

सातव्या फेरीला उताराच्या तोंडाशी ते म्हणाले, "सगुणे, सोडतुया बर का. खरंच सोडतुया." आणि बोटं उघडली.

लगेच त्यांनी उताराकडे पाठ केली आणि मटकन खाली बसले.

सायकल डळमळली. हँडल डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. मग सरळ झालं. सायकल उतारानं निघाली.

"पडली का?" अण्णांनी विचारलं. ते माझ्याकडे बघत होते, तिच्याकडे नाही.

"नाही अण्णा. चाललीय."

रिकामी सायकल उतारावर थोडी जाते, हे मलाही ठाऊक आहे. पन्नास हात जाईल, साठ जाईल. ती शंभरावर गेली होती. आणि तिची पायडलं फिरत होती. फ्री-व्हीलच्या सायकलची पायडलं उतारावर आपसूक फिरत नाहीत, हे पुण्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको. फ्री-व्हील जाम झालं असेल, असं मी मनाला सांगितलं. अजूनही सांगतो.

"पडली का?"

"नाही. ओढ्यापाशी पोचली."

ओढ्याच्या काठाला ती खाली उतरली आणि दिसेनाशी झाली. आम्ही ऐकत राहिलो. त्या शांततेत लोखंड दगडावर आपटलं असतं तर मैलभर ऐकू आलं असतं. काही आपटलं नाही. अण्णांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

मी म्हणालो की मी जाऊन सायकल घेऊन येतो. अण्णांनी माझा हात धरला.

"नगा जाऊ," ते म्हणाले. "तवा मला बजावलं व्हतं तिनं. सोडल्यावर मागं येऊन बघायचं न्हाई. मागं आलात तर म्या पडंन, म्हनली."

मी टोपी उचलून झटकली आणि त्यांच्या हातात दिली. ते उठले. आता आमच्याकडे माणसं दोन आणि सायकल एक, भाड्याची. उन्हं कलायच्या आत वेल्हे गाठायचं तर ओढा ओलांडून समोरची, सकाळी उतरलो तीच खिंड चढायला हवी होती. मी तिकडे सायकलचं तोंड वळवलं.

"त्या वाटंनं नगं, रावसाहेब," अण्णा म्हणाले. "त्या वाटंनं ती म्हायेराला चाललीया. पयल्यांदाच एकली. मधी कशाला जायाचं आपुन? पानशेताकडनं जाऊ."

पानशेताकडून म्हणजे सगळ्या धरणाला वळसा, आणि पुढे पुण्यावरून भोर. माझ्या पोटऱ्यांत गोळे आले होते, तळवे सोललेले होते, आणि सोमवारी साडेदहाला कचेरीत हजर व्हायचं होतं. मी सायकल वळवली, अण्णांना मागे कॅरिअरवर बसवलं आणि पानशेतच्या बाजूला निघालो.